बोटीवरचा पहिला हिवाळा आणि घरी न सांगितलेली गोष्ट

पत्राचा सारांश: पत्रलेखिका लंडनच्या पश्चिम भागात राहतात. वय तेहेतीस, रुग्णालयात नर्स, ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. नवरा आयटीत आहे आणि घरूनच काम करतो. फ्लॅटचं भाडं झेपेना म्हणून एप्रिलमध्ये दोघांनी साठवलेल्या पैशांतून ५७ फुटांची एक जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब, अरुंद बोट, राहायला घेतली. बोटीला स्वतःची ठरलेली जागा नाही, त्यामुळे ग्रँड युनियन कालव्यावर दर चौदा दिवसांनी ती पुढे न्यावी लागते. उन्हाळा फार छान गेला. ऑक्टोबर लागल्यापासून मात्र सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गादीखाली ओल येते, पहाटे शेगडी विझलेली असते आणि ती बहुतेक वेळा पत्रलेखिकाच पेटवतात. नोव्हेंबर ते मार्च एखादा छोटा फ्लॅट घ्यावा असं त्यांना वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, "हजारो लोक राहतात. थंडीचं काय एवढं? हा एक हिवाळा काढला की आपण जिंकलो." जानेवारीत सासूबाई साताऱ्याहून महिनाभरासाठी येणार आहेत, त्यांच्या व्हिसाचा अर्ज अजून भरायचा आहे. आपला मुलगा आणि सून बोटीवर राहतात हे त्यांना माहीतच नाही. पत्राचा शेवट असा आहे: "मीच लेचीपेची आहे का? त्याचं स्वप्न मोडू का? आणि आईंना काय सांगू?"

प्रिय मैत्रिणी,

"थंडीचं काय एवढं" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. एकदा ते तुमच्या नवऱ्याचं आहे. दुसऱ्यांदा ते तुम्हीच स्वतःची समजूत घालायला वापरलं आहे. म्हणून आधी त्याचाच विचार करू. नॅरोबोटीवरच्या हिवाळ्यात थंडी हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. आतून जेमतेम सहा फूट रुंदीची ती जागा, शेगडी नीट पेटली की तासाभरात स्वेटर काढावा लागेल इतकी गरम होते. लंडनमधल्या कितीतरी भाड्याच्या खोल्यांपेक्षा ऊबदार. तेव्हा "मला थंडी सोसत नाही" असं म्हणून तुम्ही स्वतःवर जो ठपका ठेवता आहात, तो मला पत्रात कुठे दिसत नाही. मला दिसते ती रात्रपाळी करून सकाळी नऊला चिखलातून चालत बोटीवर येणारी, ओल्या कोटानिशी राख काढून शेगडी पेटवणारी बाई. तुम्ही दमला आहात. आणि दमण्याचा संबंध कामाशी असतो, थंडीशी नव्हे.

जुन्या घरांत आंघोळीच्या पाण्याचा बंब असायचा. गरम पाणी सगळ्यांना मिळायचं, पण पहाटे उठून गोवऱ्या-लाकडं घालून तो पेटवणारं माणूस घरात एकच असायचं, आणि ते कोण हे कुणी कधी ठरवलेलं नसायचं. तुमच्या बोटीवर तेच झालं आहे. उन्हाळ्यात बोटीचं काम कमी असतं आणि मौजेचं असतं, म्हणून ते वाटून घेण्याची गरज तुम्हाला भासली नाही. ऑक्टोबरनंतर तेच काम दुप्पट-तिप्पट होतं आणि ते ज्याच्या नजरेला आधी पडतं त्याच्या अंगावर येतं. नजरेला आधी पडणारं माणूस तुमच्या घरात तुम्ही आहात.

म्हणून फ्लॅट की बोट हा प्रश्न दोन आठवडे बाजूला ठेवा आणि आधी एक वही करा. दिवसभरात बोटीसाठी कोणी काय केलं ते दोघांनी लिहायचं. राख काढली, कोळसा आणला, पाण्याची टाकी भरली, शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, रिकामी केली, खिडक्या पुसल्या, बॅटरीसाठी इंजिन चालवलं, कपडे लाँड्रेटमध्ये नेले. भांडणासाठी ही वही वापरायची नाही. तुमचे यजमान घरून काम करतात, दिवसभर बोटीवर असतात. शेगडी जागती ठेवणं हे साहजिकच त्यांचं काम आहे आणि वही समोर आली की बहुधा तेच ते म्हणतील. अनेक पुरुषांना हे काम दिसत नाही ते दुष्टपणाने नव्हे, आयुष्यभर ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं असल्यामुळे.

आता बोटीकडे येते. इथे मी थोडी सविस्तर लिहिते, कारण कालव्यावर राहण्याचा विचार करणारे आणखी काही मराठी वाचक हे वाचतील, आणि तुम्हालाही निर्णय घेताना भावनेइतकाच या माहितीचा आधार लागेल.

पहिली गोष्ट ओलीची. नॅरोबोट म्हणजे पोलादी पेटी. तिचे वरचे पत्रे साधारण चार मिलिमीटर जाडीचे असतात. खिडक्यांच्या चौकटी बहुतेक ॲल्युमिनियमच्या. आतली उबदार, दमट हवा या थंड धातूला लागली की तिचं पाणी होतं. हा दमटपणा कुठून येतो? तुमच्या दोघांच्या श्वासातून, आंघोळीतून, वाळत घातलेल्या कपड्यांतून, कुकरच्या शिट्यांतून. आणि गॅसमधूनही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. रोजचा वरण-भात-पोळी-भाजीचा आपला स्वयंपाक म्हणजे त्या चिंचोळ्या जागेत केवढी वाफ होते बघा. म्हणून स्वयंपाक करताना बाजूची झडप किंवा छतातली खिडकी उघडी ठेवा, थंडी आत आली तरी. कपडे बोटीत वाळत घालूच नका. गादीखाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या किंवा जाळीचं अस्तर घाला, नाहीतर बुरशी धरणारच. खिडक्यांना आतून दुसरी काच किंवा पातळ पारदर्शक फिल्म लावली तर पाणी बरंच कमी होतं. कपाटं भिंतीला चिकटून गच्च भरू नका. तुमच्या रेशमी साड्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी ठेवा, बोटीवर एका हिवाळ्यात त्यांची वाट लागेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेगडी विझू न देणं. दिवसातून दोनदा ढणाढणा पेटवून मध्ये थंड होऊ दिलेली बोट ओली राहते. मंद धगीवर चोवीस तास ठेवलेली बोट कोरडी होत जाते. इंग्लंडमध्ये साधा दगडी कोळसा पोत्यात विकायला मे २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा तुम्ही वापरता तो धूर न करणारा, म्हणजे स्मोकलेस कोळसाच असणार. तो लाकडापेक्षा फार सावकाश जळतो. झोपताना राख पाडून, शेगडी भरून, खालची हवा अगदी थोडी उघडी ठेवली की सकाळपर्यंत निखारे राहतात. पहाटे विझते याचा अर्थ बहुधा एकतर निव्वळ लाकडावर चालली आहे, किंवा शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी झिजून हवा भलतीकडून शिरते आहे. ती दोरी स्वस्त असते आणि अर्ध्या तासात बदलता येते. कडाक्याच्या थंडीत एक पोतं किती दिवस पुरतं ते बघा आणि तो हिशेब धरून साठा करा.

हे सगळं करूनही ओल हटली नाही तर प्रश्न बोटीच्या अंगातला आहे. पंधरा-वीस पौंडांच्या आत मिळणारं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा. शेगडी सलग पेटती ठेवून, झडपा उघडून दोन आठवडे आकडे लिहा. आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांच्या आसपास आली तर बोट राहण्याजोगी आहे. सत्तरच्या वरच अडून राहिली तर बोट घेताना केलेला सर्व्हेचा अहवाल काढून भिंतींत काय भरलंय ते बघा. फवारलेला फोम असेल तर चांगलं. जुन्या बोटींत नुसती थर्मोकोलसारखी पातळ तावं असतात आणि ती जागोजाग खचलेली असतात. अशा बोटीवर पहिला हिवाळा काढू नये, आणि हे तुमच्या यजमानांनाही आकडे समोर असले की पटेल. इच्छाशक्तीने पत्रा गरम होत नाही.

दुसरी गोष्ट मी नर्सला सांगणार आहे याचा मला संकोच वाटतो, पण बाकीच्यांसाठी ती लिहायलाच हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शेगडीची चिमणी तुंबली, दाराची दोरी झिजली, गरम राखेची बादली रात्री आत ठेवली, शेजारच्या बोटीचं इंजिन तुमच्या खिडकीखाली चालू राहिलं, तर तो आत साचतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि फ्लू झाला असं वाटून माणूस खिडक्या बंद करून पांघरुणात शिरतं. बोटीवरच्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर तो फ्लू नव्हे. बोटींच्या सुरक्षा तपासणीत एप्रिल २०१९ पासून याचा अलार्म सक्तीचा आहे, पण तो आहे आणि चालतो आहे या दोन वेगळ्या गोष्टी. आठवड्यातून एकदा बटण दाबून बघा. शेगडीजवळ एक आणि झोपायच्या जागी एक असे दोन ठेवा. थंडी वाजते म्हणून दारांतल्या आणि छतावरच्या हवेच्या फटी कापडाने बुजवू नका. गॅस पेटवून त्यावर खोली गरम करायला जाऊ नका. गरम राख धातूच्या झाकणाच्या डब्यात भरून बाहेर ठेवा. यजमान दिवसभर एकटे आत असतात, तेव्हा हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ हवं.

पाणी, वीज आणि गॅसचं थोडक्यात. गोठण्याचा अंदाज आला की आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून घ्या, कारण काठावरचे नळ गोठतात. सिलिंडर प्रोपेनचा, म्हणजे लाल, आहे ना ते बघा. निळ्यातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, सौर पॅनेलवर विसंबून यजमानांचा लॅपटॉप चालणार नाही. बॅटरीसाठी रोज इंजिन चालवावं लागेल, आणि इतर बोटींच्या शेजारी असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही हा कालव्यावरचा नियम आहे. रात्रपाळी करून तुम्ही सकाळी नऊ-साडेनऊला झोपणार आणि नेमकं तेव्हाच तुमच्या डोक्यापाशी डिझेलचं इंजिन धडधडणार. तुमच्या पत्रातली "दिवसा झोप लागत नाही" ही तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. झोप न झालेली नर्स वॉर्डात काय चुका करू शकते हे तुम्ही जाणता.

इथूनच मी चौदा दिवसांच्या नियमाकडे येते. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार ज्या बोटीला स्वतःची जागा नाही, तिने एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक राहायचं नाही, काही रास्त कारण असल्याशिवाय. कालवा गोठला, आजारपण आलं, ही रास्त कारणं आहेत, पण ती कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला, म्हणजे हे कालवे सांभाळणाऱ्या संस्थेला, वेळेवर कळवावी लागतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांच्या दुरुस्तीचाही हंगाम. लॉकची, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांची, दारं बदलायला कालव्याचे तुकडे आठवडे-आठवडे बंद ठेवतात. तारखा आधी जाहीर होतात, त्या न बघता निघालेली बोट अडकते. तुम्ही एका बाबतीत सुदैवी आहात. काउलीच्या लॉकपासून हेज, साउथॉल, ग्रीनफर्ड, आल्पर्टनवरून लिटल व्हेनिस आणि पुढे कॅम्डनपर्यंत वीस मैलांहून अधिक कालवा एकाच पातळीवर आहे, मध्ये एकही लॉक नाही. हिवाळ्यात या पट्ट्यातच राहिलात तर लॉकच्या निसरड्या दगडांवर उभं राहायची वेळ येत नाही, आणि साउथॉल-आल्पर्टनला पोहे, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता सगळं मिळतं. मात्र पातळ बर्फातूनही बोट रेटू नका. बर्फाच्या कडा तळाचा काळा डांबरी थर खरवडून काढतात, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही बोटीचा.

तरीही दर दोन आठवड्यांनी नवी जागा म्हणजे तुमच्यासाठी दर दोन आठवड्यांनी नवा अंधारा रस्ता. रात्री दहाला ड्यूटी संपवून काठावरच्या वाटेने एकटीने चालायचं, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला पाणी. तुम्ही याबद्दल एकच ओळ लिहिली आहे आणि पुढे "पण ठीक आहे" असं म्हटलं आहे. हे ठीक नाही. जागा निवडताना दिव्यांचा पूल आणि बसथांबा जवळ हवा, ही तुमची अट आहे असं स्पष्ट सांगा, आणि उशिराच्या ड्यूटीला यजमानांनी पुलापर्यंत घ्यायला यावं. जागा बदलली की जवळच्या पुलाचा क्रमांक दोघांनी लक्षात ठेवा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांकाच्या पाट्या असतात. रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर तुमच्याकडे घर नंबर नसतो, पुलाचा नंबरच तुमचा पत्ता. कडेच्या अरुंद पट्टीवरून चालत पुढे जाण्याची उन्हाळ्यातली सवय बंद करा, दव गोठलं की ती काचेसारखी होते. कालवा बहुतेक ठिकाणी कंबर-छातीइतकाच खोल आहे, पण तेवढ्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही. धोका तिथे आहे, खोलीत नाही.

तर मग फ्लॅट? तुमचा विचार मला समजतो, पण त्यात एक अडचण आहे जी पत्रात आलेली नाही. तुम्ही दोघं फ्लॅटमध्ये गेलात तरी बोट कालव्यावरच राहते, आणि तिला चौदा दिवसांचा नियम लागूच राहतो. म्हणजे दर पंधरवड्याला कुणीतरी जाऊन थंडगार बोट हलवायची. शिवाय रिकामी बोट गोठली तर नळ, पंप, गरम पाण्याची टाकी फुटते, म्हणून सगळं पाणी काढून, नळ उघडे ठेवून तिला हिवाळ्यासाठी बंद करावं लागतं. नोव्हेंबर ते मार्चचं लंडनचं भाडं, अनामत आणि वर बोटीसाठी जागेचं भाडं, असा दुहेरी खर्च होईल. भाडं वाचावं म्हणून बोट घेतली होती, हे विसरून चालणार नाही. अर्थात यजमानांचा हिशेबही अपुरा आहे. ते उन्हाळ्यातल्या महिन्यांचा खर्च बाराने गुणतात. कोळसा, डिझेल, गॅस, लाँड्रेट, विमा, तळ रंगवणं, आणि ठरलेली जागा नसलेल्या बोटींच्या लायसन्सवर एप्रिल २०२४ पासून लागलेला आणि २०२८ पर्यंत दरवर्षी वाढत जाणारा अधिभार, हे सगळं धरून वर्षाचा आकडा एकदा दोघांनी मिळून मांडा.

मला या दोहोंच्या मधली वाट बरी वाटते. ट्रस्ट दरवर्षी शरद ऋतूत हिवाळी मूरिंगची, म्हणजे हिवाळ्यापुरती बोट बांधून ठेवायच्या जागांची, विक्री करतो. साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पैसे भरून एका जागी राहता येतं. तिथे बहुधा वीज नसते, पण पंधरवड्याची हलवाहलव थांबते आणि तुमचा रुग्णालयाचा रस्ता पक्का होतो. दुसरा पर्याय मरीनाचा, म्हणजे बोटींच्या बंदिस्त तळाचा. तिथे विजेची जोडणी, जवळ पाणी, कपडे धुण्याची सोय, दिवे आणि फाटक असतं. वीज मिळाली की सकाळचं इंजिन बंद, म्हणजे तुमची झोप परत. महाग आहे, पण बहुधा फ्लॅटपेक्षा कमी. मात्र विचारताना "हिवाळाभर बोटीवर राहायची परवानगी आहे का" असं स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या, कारण बऱ्याच मरीनांत बोट ठेवता येते, तिच्यावर राहता येत नाही. दोन्हीकडे चांगल्या जागा लवकर जातात, म्हणून वहीचे दोन आठवडे संपायची वाट न बघता ही चौकशी याच आठवड्यात करा.

तुमच्या यजमानांच्या "जिंकलो" या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. कोणाशी जिंकायचं आहे? मला वाटतं, भाडं भरत राहणाऱ्या मित्रांशी, "वेडे झालात का" म्हणणाऱ्यांशी, आणि मनातल्या मनात साताऱ्याशी. हे समजण्यासारखं आहे. पण या कालव्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बोटी चालवणाऱ्या लोकांकडे बघा. जेमतेम दहा फुटी खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. बर्फ फोडायला वेगळी बोट असायची, घोडे ती ओढायचे आणि तिच्यावर रांगेने उभी राहिलेली माणसं मधला दांडा धरून तिला डावी-उजवीकडे डोलवायची. अशा माणसांनाही १९६२-६३च्या हिवाळ्याने हरवलं. कालवे महिनोन्‌महिने गोठून राहिले, माल अडकला, गिऱ्हाईकं रस्त्याकडे वळली, आणि त्या वर्षी सरकारी नॅरोबोट मालवाहतूक जवळजवळ बंदच झाली. कितीतरी कुटुंबं काठावर घरं घेऊन राहायला गेली. त्यांना कुणी लेचंपेचं म्हणत नाही. डिसेंबर २०१० मध्येही बोटी आठवडेच्या आठवडे बर्फात रुतून होत्या. हिवाळा कसा निघेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून शहाणी माणसं आधीच ठरवून ठेवतात की काय झालं तर आपण बोटीवरून उतरायचं.

तुम्हीही ठरवा. डिसेंबरच्या मध्याला एक तारीख पक्की करा आणि त्या दिवशी तीन गोष्टी बघा: बोटीची आर्द्रता, तुमची झोप, आणि वहीतली कामाची वाटणी. यातल्या दोन बिघडलेल्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारीसाठी खोली घ्यायची, वाद न घालता. हे आत्ता, दोघांचं डोकं शांत असताना, लिहून ठेवा. पहाटे चारला विझलेल्या शेगडीसमोर असले निर्णय होत नाहीत, तिथे फक्त भांडणं होतात. त्यांचं स्वप्न मोडण्याची भाषा तुम्ही करता आहात, पण उन्हाळ्यातल्या कालव्याचं तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला तरी वाटलं की ते स्वप्न तुमचंही आहे. दोघांचं असेल तर त्यातल्या अटीही दोघांच्या असायला हव्यात. आणि समजा सगळे आकडे चांगले आले आणि तरीही तुम्हाला राहावंसं वाटलं नाही, तर तेवढंही कारण पुरेसं आहे. त्यासाठी पुरावा गोळा करायची गरज नाही.

आता आईंचं. त्यांना सांगणं टाळता येणार नाही, आणि त्याला एक साधं कारण आहे. व्हिसाच्या अर्जात त्या ब्रिटनमध्ये कुठे राहणार हे विचारतात. तिथे जुन्या फ्लॅटचा किंवा मित्राचा पत्ता घालून त्या राहणार मात्र बोटीवर, असं करू नका. खोट्या माहितीमुळे व्हिसा नाकारला गेला तर त्याचा त्रास त्यांना पुढेही होईल. (तुम्हा दोघांपैकी ज्यांचा व्हिसा कंपनीच्या किंवा रुग्णालयाच्या प्रायोजकत्वावर आहे, त्यांनी तिथेही राहण्याची खरी व्यवस्था आणि पत्रव्यवहाराचा पत्ता कळवलेला असावा. लपवाछपवीने इथे नुकसान होतं. डॉक्टरकडे नाव नोंदवायला मात्र पत्त्याचा पुरावा लागत नाही, तेव्हा त्यासाठी अडून राहू नका.)

साताऱ्याला "बोटीवर राहतात" हे ऐकून परिस्थिती फारच बिघडली असं वाटेल, ही तुमची भीती मला खोटी वाटत नाही. आपल्याकडे घर म्हणजे दारावर नाव, उंबरठा, तुळस. पण आईंना जास्त लागेल ते सहा महिने सांगितलं नाही याचं. म्हणून दिवाळीच्या फोनची वाट बघू नका, त्या गडबडीत सगळे जमलेले असतात आणि अशा गोष्टीवर चारचौघांत चर्चा होते. त्याआधी एखाद्या दुपारी मुलाने एकट्याने आईला व्हिडिओ कॉल करावा आणि बोट दाखवावी. स्वयंपाकाचा ओटा, देवाची जागा, शेगडी, बाहेरचं पाणी. हिशेब सांगावा, की भाडं किती होतं आणि आता काय वाचतं. बायका असल्या हिशेबाला पटकन समजून घेतात, संसार त्यांनी केलेला असतो. सांगायचं काम मुलाचं आहे, सुनेचं नाही. तुम्ही सांगितलंत तर ते तुमच्या तक्रारीसारखं ऐकू येईल.

आणि जानेवारीत त्यांना रात्री बोटीवर झोपवू नका. गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलं आहे. हलत्या बोटीची उंच पायरी, निसरडी फळी, अरुंद पलंग, रात्री कॅसेटचं शौचालय, हे सत्तरीच्या बाईला महिनाभर नको. मूरिंगच्या जवळ चार आठवड्यांसाठी एक गरम, तळमजल्याची खोली बघा आणि तोच पत्ता व्हिसाच्या अर्जात लिहा. त्या महिन्यात तुमच्या सलग रात्रपाळ्या असतील तेव्हा तुम्हीही तिथेच झोपा. दिवसा, ऊन पडलेलं असेल तेव्हा त्यांना बोटीवर न्या, चहा-पोहे तिथे होऊ देत. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत मागता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे खोली नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठरवावी लागेल. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात विचारा. १९३२ पासूनची ती संस्था, आणि तुमच्या कालव्यापासून फार लांब नाही. अशी महिन्याभराची खोली ओळखीतून मिळाली तर भाड्यातही फरक पडतो आणि आईंना दुपारी मराठी बोलायला कुणीतरी मिळतं.